पाच मिनिटांचा विरोधी पक्ष

१६ मार्च २०२२च्या सकाळी हंगेरीच्या सरकारी वृत्तवाहिनीवर, एम-१वर, पेटर मार्की-झाय बोलायला बसले. सहा विरोधी पक्षांनी मिळून उभे केलेले ते पंतप्रधानपदाचे उमेदवार. मतदानाला अठरा दिवस उरले होते. त्यांच्या वाट्याला आली पाच मिनिटं. निवडणूक लढवणाऱ्या प्रत्येक यादीला नियमाने द्यावी लागतात तेवढीच. मग ती यादी देशातल्या सर्वांत मोठ्या विरोधी आघाडीची असो की कुणी नावही न ऐकलेल्या एखाद्या पक्षाची. त्या पाच मिनिटांतलाही काही वेळ त्यांनी, चार वर्षांत विरोधकांना इथे मिळालेली ही पाचच मिनिटं आहेत, हे सांगण्यात घालवला. दुसरं काय करणार?

३ एप्रिलला निकाल लागला. व्हिक्टर ओर्बान यांच्या फिडेस पक्षाला ५४ टक्के मतं आणि १९९पैकी १३५ जागा. विरोधी आघाडीला ३४ टक्के आणि ५७ जागा. मार्की-झाय स्वतःच्या मतदारसंघातही हरले.

ओर्बान यांच्या हंगेरीत विरोधी नेत्याला कुणी तुरुंगात टाकत नव्हतं. त्याच्या सभा होत, मोर्चे निघत, पोलीस बाजूला उभे राहत. सरकारवर सडकून टीका करणारी संकेतस्थळं बुडापेस्टमध्ये होती, साप्ताहिकं होती, विनोदी कार्यक्रम होते. आणीबाणीतले कोरे अग्रलेख ज्यांना आठवतात, त्यांना सेन्सॉर म्हटलं की बातमीवर काट मारणारा सरकारी अधिकारी दिसतो. असा अधिकारी ओर्बान यांच्या राज्यात शोधून सापडला नसता. तिथे काम निराळ्या रीतीने व्हायचं. विरोधी नेता कोण, त्याचं म्हणणं काय, तो माणूस म्हणून कसा, हे राजधानीबाहेरच्या बहुसंख्य लोकांना त्याच्या वैऱ्यांकडूनच कळायचं. आधी तो कुणाला दिसत नसे; दिसायला लागे तेव्हा त्याचं व्यंगचित्र झालेलं असे. आधी मौन, मग गोंगाट. मार्की-झाय यांच्या बाबतीत हा क्रम बिनबोभाट पार पडला. दोन वर्षांनी पेटर मग्यार नावाच्या दुसऱ्या माणसाच्या बाबतीत तो फसला. का फसला, हे बघण्यासारखं आहे.

*

२०१०मध्ये फिडेसला संसदेत दोन-तृतीयांश जागा मिळाल्या आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नवा माध्यम कायदा आला. माध्यमांवर देखरेख करणाऱ्या परिषदेत नऊ-नऊ वर्षांच्या मुदतीचे सदस्य नेमले गेले, आणि ते सगळे सत्ताधाऱ्यांनीच सुचवलेले होते. सरकारी दूरचित्रवाणी, रेडिओ आणि एमटीआय ही वृत्तसंस्था एका छत्राखाली आली. एमटीआयने आपल्या बातम्या फुकट द्यायला सुरुवात केली. वरवर पाहता केवढा उदारपणा! पण जिल्ह्याच्या गावातल्या ज्या एफएम केंद्राकडे एकही बातमीदार नाही, ते आयती आलेली सरकारी बातमीच वाचून दाखवणार. आणि फुकट माल विकणाऱ्याच्या शेजारी पैसे घेऊन बातम्या विकणारी खासगी वृत्तसंस्था तग धरू शकत नाही.

खासगी माध्यमांसाठी हाती घेतलं ते सातबाऱ्यासारखं काम होतं: मालक बदलायचा. ‘ओरिगो’ हे संकेतस्थळ देशातल्या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्यांपैकी एक. २०१४मध्ये त्याने यानोश लाझार या मंत्र्याच्या परदेश दौऱ्यांच्या खर्चाचा पाठपुरावा केला आणि संपादकाला जावं लागलं. पुढे ओरिगो विकलं गेलं आणि सरकारचं भाट झालं. ८ ऑक्टोबर २०१६ला ‘नेपसाबादशाग’ हे १९५६पासूनचं डाव्या वळणाचं दैनिक एका सकाळी बंद झालं. कर्मचारी नव्या कार्यालयात जाण्याच्या तयारीत होते, सामानाची खोकी बांधून झाली होती. घरी कुरिअरने पत्र आलं, कामावर येऊ नका. पुढच्या काही आठवड्यांतच त्या दैनिकाची मालक कंपनी, तिच्याकडच्या जिल्हा दैनिकांसकट, लोरिन्त्स मेसारोश यांच्या वर्तुळातल्या कंपनीकडे गेली. मेसारोश हे ओर्बान यांच्या फेल्चूत गावचे, मूळचे गॅसजोडणीचं काम करणारे. काही वर्षांत ते देशातले सर्वांत श्रीमंत गृहस्थ झाले, आणि या भरभराटीचं श्रेय त्यांनी देव, नशीब आणि व्हिक्टर ओर्बान यांना दिलं. निदान क्रम तरी संस्कारी होता.

लायोश शिमिचका यांची गोष्ट तर नाटकासारखी. ओर्बान यांचे विद्यार्थिदशेपासूनचे मित्र, पक्षाचा आर्थिक डोलारा उभा करणारे, ‘मग्यार नेम्झेत’ दैनिक आणि हीर टीव्हीचे मालक. ६ फेब्रुवारी २०१५ला दोघांचं फाटलं आणि शिमिचकांनी पंतप्रधानांना छापता येणार नाही असा शब्द जाहीरपणे वापरला. त्यांची माध्यमं रातोरात विरोधी झाली. ८ एप्रिल २०१८च्या निवडणुकीत ओर्बान पुन्हा जिंकले आणि तीन दिवसांनी मग्यार नेम्झेतचा शेवटचा अंक निघाला. शिमिचकांनी सगळं विकून टाकलं. सरकारधार्जिण्या एका दैनिकाने मग्यार नेम्झेत हे नाव धारण केलं ते ६ फेब्रुवारी २०१९ला. भांडणाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी. सूड उगवतानाही पंचांग बघणारे लोक आहेत हे.

२०१८च्या नोव्हेंबरात या सगळ्यावर कळस चढला. सरकारच्या जवळच्या मालकांनी आपापली माध्यमं एका नव्या प्रतिष्ठानाला दान करून टाकली. प्रतिष्ठानाचं संक्षिप्त नाव केस्मा. दैनिकं, वाहिन्या, रेडिओ केंद्रं, संकेतस्थळं मिळून ४७६ माध्यमं, कोट्यवधींची मालमत्ता, आणि मोबदला शून्य. सगळी जिल्हा दैनिकं त्यात आली. स्पर्धा आयोगाने काही विचारू नये म्हणून डिसेंबरात ओर्बान यांच्या सहीने फर्मान निघालं: हे विलीनीकरण राष्ट्रीय दृष्ट्या महत्त्वाचं आहे. देशातला सर्वांत मोठा जाहिरातदार सरकारच. जाहिराती कुणाला मिळत हे सांगायला नको. खासगी कंपन्याही मग वारा बघून पाठ फिरवत. ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने २०२१मध्ये वृत्तस्वातंत्र्याच्या भक्षकांच्या यादीत ओर्बान यांचं नाव घातलं. युरोपीय संघातल्या देशाचा प्रमुख त्या यादीत यायची ती पहिली वेळ.

तरीही सगळं त्यांच्या हाती गेलं नाही, हे नमूद केलं पाहिजे. आरटीएल ही जर्मन मालकीची मनोरंजन वाहिनी बातम्या स्वतःच्या डोक्याने देत राहिली. २०२०च्या जुलैमध्ये ‘इंडेक्स’ या संकेतस्थळाच्या संपादकाला, सबोल्च दुल यांना, काढल्यावर सत्तरहून अधिक पत्रकारांनी राजीनामे दिले आणि वाचकांच्या वर्गणीतून ‘टेलेक्स’ सुरू केलं. मग्यार यांच्या गोष्टीत या शिल्लक राहिलेल्या फटींना फार महत्त्व आहे.

*

सरकारी दूरचित्रवाणीची इमारत बुडापेस्टच्या ओबुदा भागात कुनिगुंदा नावाच्या रस्त्यावर आहे. हंगेरीच्या विरोधी राजकारणाचा इतिहास लिहायचा तर संसदेइतकाच या इमारतीचा लिहावा लागेल.

डिसेंबर २०१८मध्ये जादा तास कामाच्या नव्या कायद्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. विरोधी खासदार पाच मागण्यांचं निवेदन घेऊन या इमारतीत गेले; ते वाहिनीवर वाचून दाखवायचं होतं. अकोश हादहाझी आणि बेर्नादेत सेल या दोन खासदारांना सुरक्षारक्षकांनी धरून बाहेर काढलं. निवेदन काही वाचलं गेलं नाही.

आतल्या बाजूचं दृश्य २०२०मध्ये बाहेर आलं. रेडिओ फ्री युरोपच्या हंगेरियन शाखेने २०१९च्या युरोपीय निवडणुकीआधीच्या एका बैठकीचं ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केलं. त्यात बालाश बेंदे हे संपादक सहकाऱ्यांना सांगत होते की ही संस्था विरोधी आघाडीच्या बाजूची नाही, हे ऐकून कुणाला धक्का बसू नये. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी घरी जावं. आरडाओरडा नाही, धमकीचा सूरही नाही. कार्यालयात सुट्ट्यांचे नियम समजावून सांगावेत तसं सांगणं चाललेलं. मला त्या बैठकीतलं सगळ्यात अंगावर येणारं वाटतं ते हे सहजपण.

*

मार्की-झाय हा या यंत्रासाठी खरं तर अवघड माणूस होता. डावे म्हणावेत तर ते नाहीत: नेमाने चर्चला जाणारे कॅथलिक, सात मुलांचे वडील, उजव्या विचाराचे. अर्थशास्त्र, विद्युत अभियांत्रिकी आणि इतिहास शिकलेले, काही वर्षं कॅनडा-अमेरिकेत राहून परतलेले. होदमेझोवाशारहेय हे त्यांचं शहर लाझार मंत्र्यांचा बालेकिल्ला. तिथे २५ फेब्रुवारी २०१८ला झालेल्या महापौरपदाच्या पोटनिवडणुकीत ते ५७ टक्क्यांहून अधिक मतं घेऊन निवडून आले आणि सारा देश चकित झाला. २०२१च्या शरदात विरोधकांनी उमेदवार ठरवण्यासाठी प्राथमिक निवडणूक घेतली. पहिल्या फेरीत मार्की-झाय तिसरे होते. दुसऱ्या क्रमांकावरचे बुडापेस्टचे महापौर गेर्गेय काराचोन्य त्यांच्यासाठी बाजूला झाले आणि दुसऱ्या फेरीत मार्की-झाय यांनी क्लारा दोब्रेव यांना हरवलं.

मग गोंगाट सुरू झाला. माजी पंतप्रधान फेरेन्त्स ग्युर्चान्य हे हंगेरीत फार नकोसं झालेलं नाव. फलकांवर ग्युर्चान्य खलनायकाच्या वेशात आणि शेजारी त्यांचं छोटं रूप म्हणून मार्की-झाय, ‘मिनी फेरी’. ज्याने ग्युर्चान्य यांच्या पत्नीला, दोब्रेव यांना, हरवून उमेदवारी मिळवली, त्याला ग्युर्चान्यचं बाहुलं ठरवायचं! पण फलक तर्काने चालत नाहीत, संख्येने चालतात.

मार्की-झाय यांनी आपल्या हाताने दारूगोळा पुरवला, हेही खरं. ते जिभेला आवर नसलेले गृहस्थ. केवळ सरकारी रेडिओ ऐकणाऱ्या मतदारांची त्यांनी अळंब्यांशी तुलना केली: अंधारात ठेवलेल्या आणि खतावर वाढवलेल्या. माध्यमांच्या विळख्याविषयीचं म्हणणं बरोबर होतं, पण ज्याची मतं हवीत त्यालाच अळंबी म्हणायचं? ते वाक्य जिल्हा दैनिकांनी पुन्हा पुन्हा छापलं. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि नाटोच्या निर्णयाबरोबर राहण्याविषयी त्यांनी दिलेल्या एका उत्तराचा अर्थ असा लावला गेला की हा माणूस आपली पोरं युक्रेनच्या युद्धावर पाठवणार. ज्या बाईने त्यांना कधी सलग दहा मिनिटं बोलताना ऐकलेलं नाही, तिला या एका वाक्यापलीकडे त्यांच्याविषयी काय ठाऊक असणार? ओर्बान तर २००६पासून कुठल्याही प्रतिस्पर्ध्यासमोर वादविवादाला बसलेले नव्हते. तेव्हा शेजारी उभं राहून तुलना व्हायचीही सोय नव्हती. युरोपातल्या निवडणूक निरीक्षकांनी अहवालात लिहिलं की मैदान समान नव्हतं.

*

पेटर मग्यार यांना २०२४च्या फेब्रुवारीपर्यंत राजकीय वर्तुळाबाहेर कुणी ओळखत नव्हतं. आडनावाचा अर्थच ‘हंगेरियन’, आणि घराणं प्रतिष्ठितांचं. जन्म १९८१चा, शिक्षण वकिलीचं. आजोबा पाल एर्ओश हे साम्यवादी काळात दूरचित्रवाणीवर कायद्याच्या गोष्टी समजावून सांगणारे लोकप्रिय न्यायाधीश. माजी राष्ट्राध्यक्ष फेरेन्त्स मादल हे मग्यार यांचे धर्मपिता. लहानपणी खोलीत ओर्बान यांचं चित्र लावलेलं होतं, असं ते स्वतः सांगतात. ओर्बान यांचे मंत्री गेर्गेय गुयाश हे विद्यापीठापासूनचे स्नेही. पत्नी युदित वार्गा २०१९ ते २०२३ न्यायमंत्री. स्वतः मग्यार ब्रुसेल्सला हंगेरीच्या कचेरीत होते, नंतर विद्यार्थ्यांना कर्ज देणाऱ्या सरकारी संस्थेचे प्रमुख. थोडक्यात, पंक्तीत बसून जेवलेला माणूस. २०२३मध्ये या दांपत्याचा घटस्फोट झाला.

२ फेब्रुवारी २०२४ला ४४४ या स्वतंत्र संकेतस्थळाने एक बातमी दिली. बिच्के गावच्या बालगृहात संचालकाने मुलांचं लैंगिक शोषण केलं होतं. त्याच्या उपसंचालकाने मुलांवर जबानी फिरवण्यासाठी दबाव आणला म्हणून त्याला शिक्षा झाली होती. या उपसंचालकाला २०२३च्या एप्रिलमध्ये, पोपच्या भेटीच्या निमित्ताने, राष्ट्राध्यक्षा कातालिन नोवाक यांनी माफी दिली होती. माफीवर न्यायमंत्री म्हणून वार्गा यांची सही होती. फिडेस म्हणजे कुटुंब आणि मुलांचा कैवारी, हे त्या पक्षाच्या प्रचाराचं मूळ भांडवल. १० फेब्रुवारीला नोवाक यांनी राजीनामा दिला आणि वार्गा यांनी सार्वजनिक जीवन सोडलं.

त्याच दिवशी मग्यार यांनी फेसबुकवर लिहिलं की खरे जबाबदार पुरुष बायकांच्या आड लपत आहेत आणि अशा व्यवस्थेत मला क्षणभरही राहायचं नाही. सरकारी पदं सोडली. दुसऱ्या दिवशी ते ‘पार्तिझान’ या यूट्यूब वाहिनीवर मार्तोन गुयाश यांच्यासमोर बसले (मंत्री गुयाश यांच्याशी या गुयाशांचं काही नातं नाही). पार्तिझान प्रेक्षकांच्या वर्गणीवर चालते. तिची ओळख लांबलचक, खोदून विचारलेल्या मुलाखतींची. मग्यार बोलत राहिले: सत्तेच्या आत कोण कुणाला घाबरतं, कंत्राटं कुणाकडे जातात, सरकारी प्रचाराचं काम सांभाळणारे मंत्री अंताल रोगान यांचा शब्द कुठवर चालतो. काही दिवसांत ती मुलाखत वीस लाखांहून अधिक वेळा पाहिली गेली. देशाची लोकसंख्या जवळपास ९६ लाख. म्हणजे बुडापेस्टच्या कॉफीघरांपुरती ही गोष्ट राहिली नाही.

यंत्र फसलं ते इथे. मार्की-झाय यांची ओळख लोकांना फलकाने करून दिली होती. मग्यार यांची ओळख मग्यार यांनीच करून दिली, स्वतःच्या आवाजात, आणि तीही मध्ये जाहिरात न लागता. ‘सूडाने पेटलेला माजी नवरा’ हे चित्र सरकारी बाजूने रंगवलं खरं, पण तोवर लोकांकडे मूळ प्रत होती. शिवाय त्यांना डावा, परदेशातून आलेला, शहरी, नास्तिक असं काही म्हणता येईना. कालपर्यंत तो आपल्याच मंत्र्यांच्या लग्नाकार्यांत होता!

*

आता अवघड भाग. २६ मार्चला मग्यार यांनी एक ध्वनिफीत प्रसिद्ध केली. २०२३च्या जानेवारीत घरात, पत्नीच्या नकळत, ध्वनिमुद्रित केलेली. त्यात वार्गा सांगताना ऐकू येतात की न्याय खात्यातल्या एका लाचखोरीच्या प्रकरणात रोगान यांच्या माणसांनी कागदपत्रांतले उल्लेख काढून टाकण्याचा प्रयत्न केला. सार्वजनिक हिताच्या दृष्टीने हा मोठा पुरावा. पण तीन मुलांच्या आईचं घरातलं बोलणं चोरून टिपून, वर्षभर जपून, चौकात वाजवणाऱ्या माणसाविषयी मन साशंक झालं नाही तर नवल. वार्गा यांनी त्याच दिवशी म्हटलं की मी घाबरलेली होते, त्याला हवं ते बोलून सुटका करून घेत होते. लग्नात आपण हिंसा आणि दहशत सोसली. मग्यार यांनी हे आरोप फेटाळले. हंगेरीत पुष्कळ विरोधकांनी, त्यात स्त्रियांनीही, हा सगळा भाग झटकन बाजूला सारला, कारण समोर ओर्बान होते. मला ते पटत नाही. एखाद्या राजवटीच्या प्रचारयंत्राने एक आरोप हजार वेळा वाजवला म्हणून तो आरोप आपोआप खोटा ठरत नाही. आणि प्रचारयंत्राचं खरं पाप हेच की त्याने सगळं इतकं गढूळ करून ठेवलं की खऱ्या तक्रारीचीही नीट सुनावणी होऊ शकत नाही.

एप्रिलमध्ये मग्यार यांनी एगेर शहरातल्या कार्यकर्त्यांचा एक जवळजवळ निनावी पक्ष हाती घेतला. नोंदणीची मुदत उलटली होती, तयार नोंदलेला पक्ष हवा होता. ‘आदर आणि स्वातंत्र्य’ अशा अर्थाच्या नावाचा संक्षेप तिसा, आणि तिसा ही देशातली दुसरी मोठी नदी. घोषणेला आयती नदी मिळाली: तिला पूर आलाय. मग ते गावोगाव हिंडले. ट्रकवर उभं राहून भाषण, नंतर तासन् तास हस्तांदोलनं आणि फोटो, आणि सगळं फेसबुकवर थेट. जिल्हा दैनिकात सभेची बातमी येणार नाही हे गृहीत धरूनच आखलेला दौरा होता तो. गावातले दोनशे लोक सभेला आले की त्यांच्या फोनमधून ती दोन हजारांपर्यंत पोचायची. ५ मे रोजी फिडेसच्या गडात, देब्रेत्सेनमध्ये, मैदान भरलं. मेअखेरीस सरकारी वाहिनीवर यादीप्रमुखांची चर्चा झाली, अठरा वर्षांनी अशी पहिलीच. ११ याद्यांचे प्रतिनिधी एका रांगेत. मग्यार यांनी तिथल्या तिथे त्या वाहिनीचेच वाभाडे काढले.

९ जून २०२४ला युरोपीय संसदेची निवडणूक झाली. तिसाला २९.६ टक्के मतं आणि सात जागा. फिडेसला ४४.८ टक्के आणि ११. तोवरच्या सगळ्यात मोठ्या विरोधी आघाडीला ८ टक्के आणि दोन. सरकारपेक्षा जास्त नुकसान जुन्या विरोधकांचं झालं होतं, आणि त्यांना मग्यार यांच्याविषयी जो राग आहे, तो त्या आकड्यांत आहे.

*

आता मौन पाळणं शक्यच नव्हतं. त्याच महिन्यात बुडापेस्टच्या एका नाइटक्लबमध्ये फोनवर चित्रण करणाऱ्या माणसाचा फोन मग्यार यांनी हिसकावला आणि डॅन्यूबमध्ये फेकला. फिडेसची माध्यमं त्या फोनवर वर्षभर जगली. नोव्हेंबरात पूर्वीच्या मैत्रिणीने केलेली ध्वनिमुद्रणं बाहेर आली. त्यांत स्वतःच्याच पक्षाचे खासदार आणि समर्थक यांच्याविषयी अनुदार उद्गार होते. ज्याने एक ध्वनिफीत वाजवून राजकारणात पाऊल टाकलं, त्याच्यावर ध्वनिफीतच उलटली. काव्यगत न्याय म्हणतात तो हा. सरकारी बाजूने त्यांना ढेकूण म्हणायला सुरुवात केली. हंगेरियनमध्ये लपवलेल्या ध्वनिग्राहकालाही तोच शब्द आहे. १५ मार्च २०२५च्या भाषणात ओर्बान यांनी हे ढेकूण हिवाळा काढून वाचल्याचं सांगत ईस्टरच्या साफसफाईची भाषा केली, आणि त्या साफसफाईत राजकारणी, न्यायाधीश, पत्रकार, स्वयंसेवी संस्था असे सगळेच आले.

यानंतर मग्यार यांची लोकप्रियता ढासळली का? २०२४च्या अखेरीपासून स्वतंत्र जनमत चाचण्यांत तिसा पुढे दिसू लागली. सरकारच्या जवळच्या संस्थांच्या चाचण्यांत फिडेसच पुढे राहिली. देशात चाचण्याही दोन, वास्तवंही दोन. पण गोंगाटाने नेता गडप झाला नाही, इतकं दोन्ही बाजू मान्य करत होत्या. माझा तर्क असा की रोज सकाळ-संध्याकाळ एकाच माणसाविरुद्ध बोलत राहणं ही त्याची जाहिरातच ठरली. दुर्गम खेड्यातला जो माणूस फक्त एम-१ बघतो, त्यालाही कळलं की ओर्बान यांना घाम फोडणारा कुणीतरी आहे. मार्की-झाय यांना हा मान कधीच मिळाला नव्हता.

स्वतंत्र पत्रकारांची मात्र पंचाईत झाली. मग्यार यांना त्यांची फारशी गरज नव्हती. बातमी ते फेसबुकवर स्वतःच फोडत, अडचणीच्या प्रश्नावर चिडत, प्रश्न विचारणाऱ्याच्या हेतूवर शंका घेत. पक्षात दुसरा चेहरा फारसा दिसत नव्हता. टीका करावी तर सरकारी माध्यमं तेच वाक्य उचलून मथळा करणार, आणि मग्यार यांचे चाहते शिव्या घालणार. टीका न करावी तर मग आपण तरी पत्रकार कसले? इतकी वर्षं मालकांशी झुंजून टिकलेल्या या लोकांना लोकप्रिय विरोधी नेत्याशीही तेवढ्याच ताठ मानेने वागावं लागलं. त्यांच्यापैकी बहुतेकांनी हे चोख केलं आहे, आणि त्यासाठी त्यांना कुणाकडूनही शाबासकी मिळालेली नाही.

५ ऑक्टोबर २०२४ला मग्यार यांनी हजारो लोकांना घेऊन कुनिगुंदा रस्त्यावरच्या इमारतीसमोर सभा घेतली. दूरचित्रवाणीच्या प्रमुखांचा राजीनामा आणि निःपक्ष बातम्या, या मागण्या. सत्तेवर आलो तर ही वृत्तसेवा निःपक्ष होईपर्यंत थांबवू, असं ते पुढे सांगू लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र हे आश्वासन ऐकून थोडी धास्ती वाटते. सरकारी वाहिनी थांबवण्याचा अधिकार नव्या सरकारला असावा, ही कल्पना त्या जागी बसलेला माणूस आपल्याला आवडतो तोवरच छान दिसते.

*

२०२५च्या मे महिन्यात ओर्बान यांनी रुमानियाच्या निवडणुकीत तिथल्या हंगेरियन अल्पसंख्याकांना जाच करणाऱ्या राष्ट्रवादी उमेदवाराविषयी जवळीक दाखवली. मग्यार बुडापेस्टहून निघाले आणि सीमेपलीकडच्या ओरादेआपर्यंत, हंगेरियन लोकांच्या नाज्वारादपर्यंत, सुमारे ३०० किलोमीटर चालत गेले. आपल्याकडे पदयात्रा हे जुनं हत्यार. हंगेरीत ते नवं होतं. वाटेतल्या प्रत्येक गावात चार माणसं सोबत चालली, आणि चालणाऱ्या माणसाच्या तोंडावर पाच मिनिटांचं घड्याळ लावता येत नाही.

सरकारही हातावर हात धरून बसलेलं नव्हतं. परदेशी मदत घेणाऱ्या माध्यमांची आणि संस्थांची काळी यादी करू देणारं विधेयक मे महिन्यात मांडलं गेलं. जूनमध्ये ते पुढे ढकललं, मागे घेतलं नाही. समाजमाध्यमांवर पैसे ओतण्यात फिडेस आणि ‘मेगाफोन’ हे तिचं प्रचारक घडवणारं केंद्र युरोपात आघाडीवर होतं. नव्या युरोपीय नियमांमुळे फेसबुक आणि गुगलने २०२५च्या ऑक्टोबरात राजकीय जाहिराती बंद केल्या. ओर्बान यांनी आधीच सावध होऊन उन्हाळ्यात ‘लढवय्यांचा क्लब’ काढला. विकत घेतलेल्या पोहोचेऐवजी आता माणसं हवीत, हे त्यांनीही ओळखलं. ७ ऑक्टोबर २०२५ला युरोपीय संसदेने मग्यार यांचं खासदारकीचं संरक्षण काढून घेण्याची हंगेरीची मागणी फेटाळली. म्हणजे डॅन्यूबमधल्या त्या फोनचा खटला तूर्त लांबला.

हे लिहिलं तेव्हा, २०२५च्या ऑक्टोबरात, हंगेरीतली पुढची सार्वत्रिक निवडणूक सहा महिन्यांवर होती. तिचा निकाल सांगणं हे माझं काम नाही. पण तो बघताना केवळ कोण जिंकलं एवढ्यावर थांबू नका, जागांचा आकडाही बघा. माध्यमांच्या देखरेखीचे नियम हंगेरीच्या राज्यघटनेनुसार साध्या बहुमताने बदलत नाहीत, त्यासाठी दोन-तृतीयांश मतं लागतात. सगळे सदस्य हजर असतील तर १९९पैकी १३३. २०१० ते २०२२च्या चारही निवडणुकांत फिडेसने दोन-तृतीयांश जागा मिळवल्या. विरोधकांनी त्याहून कमी जागांवर सरकार स्थापन केलं, तर माध्यम परिषदेवर ओर्बान यांच्या राजवटीत नेमलेली माणसं आपली मुदत संपेपर्यंत तिथेच बसलेली असतील.